पाण्यात घातलेली मूठ

नातीच्या तलवारीची मूठ मी पाण्यात घातली, हे पंधरा दिवस कुणालाच सांगितलं नाही. चूक लपवायची म्हणून नव्हे. कारागिरानं आपली खुबी सांगत फिरू नये, एवढंच.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण शेळगावच्या शिवारात कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, ज्याला म्हणून दांडा लागतो ते सगळं माझ्या हाताखालून गेलंय. दांडा ढिला झाला आणि काम घाईचं असलं तर मी एकच सांगतो, पाण्यात घाल. लाकूड फुगतं, पातं गच्च धरतं. माझा बापही हेच करायचा.

नात बारामतीला कॉलेजात जाते आणि तिथंच एका हॉलमध्ये जपानी तलवार शिकते. त्यात मारामारी नसते. एकट्यानं गुडघ्यावर बसायचं, तलवार म्यानातून काढायची, समोर कुणी आहे असं धरून वार करायचा आणि पुन्हा म्यानात सारायची. तलवारीला धार नसते. पण वजन किलोभर, आणि टोक ते टोकच. तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी तिची उंची, हाताची लांबी मोजून ती निवडून दिली होती. सराव झाला की नात पातं मऊ फडक्यानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि मुठीतली बांबूची खुंटी बघायची. पातं आणि मूठ यांना एकत्र धरते ती ही खुंटी, करंगळीच्या पेराएवढी. मला हसू यायचं.

एक दिवस ती म्हणाली, "आबा, मुठीत टकटक वाजतंय. सर म्हणले, उघडू नको, रविवारी घेऊन ये."

"सरांनी किती दांडं बसवल्यात आजवर?"

"आबा, हात लावायचा न्हाय हां."

ती कॉलेजला गेली आणि मी बादली भरली. मूठ खाली, पातं वर, अशी तलवार दिवसभर उभी केली. ती यायच्या आत काढली, पुसली, पंख्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं हलवून बघितली.

"आवाज गेला की!"

"जाणारच," मी म्हणालो आणि तंबाखू मळत बसलो. रविवारी तिनं सरांना सांगितलं, आता वाजत नाही. मग तिची परीक्षा आली आणि तलवार कोपऱ्यात उभी राहिली.

चार दिवसांनी मुठीला मुंग्या लागल्या. बारीक, लाल. मुठीवर सुती दोरी घट्ट गुंडाळलेली असते, तिच्या वेढ्यांत शिरायच्या आणि दुसऱ्या बाजूनं निघायच्या. झटकल्या, परत आल्या. तेलाला आल्या असतील म्हणालो. मग वासही यायला लागला, ओल्या गोणपाटासारखा. मी मूठ दोन दिवस उन्हात ठेवली. वास गेला. कानाशी धरून हलवली, आवाज नव्हता. पण तळव्याला काहीतरी वेगळं लागलं. दोरीखाली लाकूड जरासं दबलं, आणि परत वर आलं. मी तलवार होती तशी ठेवून दिली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

परीक्षा संपली आणि क्लासचं प्रात्यक्षिक ठरलं. नात म्हणाली, "आबा, तुमी यायचंच." गेलो. हॉलमध्ये सतरंज्या टाकून आईबाप बसलेले. सगळ्यात पुढं एक बाई रांगतं लेकरू घेऊन बसली होती. लेकरू सारखं पुढं सरकायचं, ती त्याला पायाला धरून मागं ओढायची.

सुरुवातीला सरांनी एक जुनी मूठ उघडून दाखवली. म्हणाले, "ही एक सलग लाकूड नाही. दोन फाका असतात, भाताच्या खळीनं चिकटवलेल्या. पुढं कधी उघडायची वेळ आली तर लाकूड फुटू नये म्हणून. त्यामुळं मुठीला पाणी चालत नाही, खळ सुटते."

भाताची खळ. मुंग्या कशाला येत होत्या ते मला तिथं बसल्याबसल्या कळलं.

पहिल्या मुलीचं करून झालं. टाळ्या झाल्या. मी बसूनच राहिलो. खुंटी हाय की, मी मनात म्हणालो, दोरी हाय. तरणा असताना माझ्याच हातची कुऱ्हाड दांड्यातून सुटली होती. पातं भावाच्या कानाजवळून जाऊन बाभळीत रुतलं होतं. तेव्हाही दांडा गच्चच वाटत होता.

नात पुढं आली. वाकली, गुडघ्यावर बसली. पहिला वार आडवा. दुसऱ्याला तिनं दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर नेली. समोर ते लेकरू.

"थांब! खाली घे!"

माझा आवाज मोठा आहे. सगळा हॉल वळला. सर म्हणाले, "आजोबा, बसून घ्या."

"बसत न्हाय. आधी मूठ उघडा. मी पाण्यात घातली व्हती."

नातीनं तलवार हळूच खाली घेतली. "कवा?"

"तू कॉलेजला गेलीवतीस तवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, तलवार हाय ती, म्हस न्हवं, पाण्यात बसवायला!" हॉल हसला. माझ्या कामावर असं कुणी कधी हसलं नव्हतं. मी उभाच राहिलो.

सर हसले नाहीत. खुंटी काढायला त्यांनी हातोडी मागवली, पण ती लागलीच नाही. अंगठ्यानं दाबल्याबरोबर खुंटी पलीकडं पडली आणि पातं नुसतं उचलताच हातात आलं. आतलं लाकूड काळं पडलेलं. दोन्ही फाका सुटलेल्या, नुसत्या दोरीनं धरलेल्या. सरांनी मुठीत बघितलं, मग पुढच्या ओळीकडं बघितलं आणि हळू आवाजात सगळ्यांना भिंतीपर्यंत मागं सरकायला सांगितलं. आता हसत कुणीच नव्हतं. त्या बाईनं लेकरू छातीशी धरलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती.

नातीनं पुढचं सगळं लाकडी तलवारीनं केलं. चांगलं केलं, असं लोक म्हणाले. मला नीट दिसलं नाही.

बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. पातं गोणपाटात गुंडाळून तिच्या मांडीवर, मूठ पिशवीत, म्यान बाकाला टेकवलेलं. ती म्हणाली,

"आबा, अजून कशाकशाला हात लावलाय?"

"कशाला न्हाय."

"म्यानाला?"

"न्हाय, पोरी. आईची आण."

खरोखर नव्हता लावला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग म्यानाच्या तोंडात बोट घालून सगळीकडून फिरवून बघितलं.