पट्टी भिजवलीस का?

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की दिघाशीच्या शेतात पोरं फावडी घेऊन उतरतात. मधला बांध खणून जमीन सपाट करायची, पाणी मारून चोपायची, चुन्यानं रेषा ओढायच्या आणि उंच बांबूंना भोंगे बांधायचे. भोंग्यांची तोंडं गावाकडे असतात. कोण आउट झालं ते चुलीपुढं बसलेल्या बाईलाही कळलं पाहिजे.

दुसऱ्या गावांत लेग अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच कुणीतरी असतो. शेंगा खात उभा राहतो आणि अपील झालं की आपल्या माणसाकडे बघून मान हलवतो. दिघाशीत तसं नव्हतं. दिघाशीत केसरीनाथ होता.

उंच, थोडा वाकलेला, अंगात पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. सकाळच्या पहिल्या मॅचला तो एकदा जागेवर गेला की ऊन उतरेपर्यंत तिथंच. मेन अंपायर बोलतो, खुणा करतो, बॉल मोजतो. सगळ्यांची नजर त्याच्यावर. लेग अंपायरचं काम केव्हा निघेल ते सांगता येत नाही. रनआउट, स्टंपिंग, लेगला पाठीमागं फिल्डर जास्त उभे राहिले का, एवढंच. पण तेवढ्यासाठी दिवसभर एका चुन्याच्या रेषेवर डोळा ठेवावा लागतो. बॅट रेषेवर होती की आत, हे पापणी लवायच्या आत कळावं लागतं. डावखुरा बॅट्समन आला की केसरीनाथ मैदान ओलांडून पलीकडे जाई. अख्खी मॅच थांबे, पोरं ओरडत, "दादा, जरा पाय उचला!" पण त्याचं पाऊल कधी वाढलं नाही.

आणखी एक काम त्याच्याकडे होतं. बॉलर हात वाकवून ऐन वेळी झटक्यात सरळ करतो का, ते बघायचं. अशा फेकलेल्या बॉलला आमच्याकडे बट्टा म्हणतात. तो बाजूनं बघणाऱ्यालाच कळतो, आणि त्याचा निर्णय लेग अंपायरचा. कोपरं बघण्यात तर केसरीनाथचा जन्म गेला होता.

कारण तो हाडवैद्य होता. बापाकडून आलेली विद्या. वळ, कशेळी अशा आसपासच्या गावांतून माणसं त्याच्या ओटीवर येत. कापडाच्या लूममध्ये हात अडकलेले कामगार येत, "बाबा, जरा देखो," म्हणत. तो तेल लावी, डोळे मिटून बोटांनी हाड चाचपी, एकदाच ओढी आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधी. केसरीनाथनं बसवलेलं हाड दवाखान्याची पायरी चढत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकायला त्याला आवडे. तिथंच घात झाला.

गावातल्याच चंद्राचा मुलगा कुणाल शाळकरी वयात जांभळीवरून पडला. उजवं कोपर मोडलं. हात लावताक्षणी केसरीनाथच्या बोटांना कळलं, हे आपल्या हातचं नाही, हे भिवंडीला दवाखान्यात न्यायला हवं. ओटीवर परगावची माणसं बसलेली होती, त्याच्या हातांकडे बघत होती. त्यानं तेल लावलं, ओढलं, पट्टी बांधली.

पट्टीचे दिवस भरले तेव्हा चंद्रा आणि तिची सासू रंगूबाई पोराला घेऊन आल्या. पट्टी सुटली. कुणालनं हात लांब केला, तो अर्ध्यातच थांबला. अडसर लावलेल्या दारासारखा. मग केसरीनाथनं चंद्राकडे बघितलं आणि विचारलं, "बाय, पट्टी भिजवलीस का?"

त्यानं आळ घेतला नाही, नुसतं विचारलं.

चंद्रा घाबरून म्हणाली, "एकदा... आंघोळ घालताना. थोडंसं पाणी गेलं."

केसरीनाथ काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यातच निकाल लागला. रंगूबाईनं तो घरी नेला आणि जपून ठेवला. विहिरीवर, हळदीच्या मांडवात, पाहुण्यांपुढं ती सांगे, "हिच्या आळसापायी माझ्या नातवाचा हात गेला." चंद्रा ऐकून घेई. कुणाल जेवायला बसला की ती त्याच्या डाव्या बाजूला बसे. उजवीकडे बसली तर ते कोपर दिसे.

कुणाल मोठा झाला आणि बॉलिंग टाकायला लागला. वाकड्या हातातून त्याचा बॉल असा काही सुटे की बॅट्समनला वाटे पुढं पडेल, आणि तो पायाशी येऊन बसे. पण कशेळीच्या स्पर्धेत तिथल्या लेग अंपायरनं त्याला लागोपाठ बट्टा दिला, कॅप्टननं बॉल काढून घेतला. दोन हजार सहाच्या जानेवारीत गावच्याच स्पर्धेत सेमीफायनलला समोर कशेळी आली, तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की इथंही बट्टा ठरला, तर कुणालच्या हातात पुन्हा कुणी बॉल देणार नाही.

कशेळीचा कॅप्टन भावेश जोरात खेळत होता. कुणालनं त्याचा मधला दांडा उडवला.

भावेश हलला नाही. बॅट जमिनीवर आपटून म्हणाला, "बट्टा हाय! लेग अंपायर झोपलाय काय?"

मेन अंपायर श्रीनाथ सर, भिवंडीच्या शाळेतले मास्तर, चालत केसरीनाथकडे आले. "दादा, तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. बॉल बरोबर हाय."

"वा!" भावेश मागोमाग येऊन म्हणाला. "गाव तुमचं, पोर तुमचा, म्हाताराबी तुमचाच. मंग आम्हाला कशाला बोलावलंत, जेवायला?"

"जेवणबी हाय, बस!" बांधावरून कुणीतरी ओरडलं.

"कशेळीला बट्टा आणि दिघाशीला बरोबर? मधी टोलनाका लागला काय?"

लोक हसले. केसरीनाथ हसला नाही. त्यानं कुणालला जवळ बोलावलं. "हात पुढं कर. आता सरळ कर."

हात नेहमीच्या जागी थांबला.

"वाकडा हात बट्टा न्हाय," केसरीनाथ भावेशला म्हणाला. "वाकडा हात टाकताना सरळ केला तर बट्टा. ह्याचा होतच न्हाय. बघ ओढून."

भावेशनं बॅट काखेत धरली, कुणालचं मनगट पकडलं आणि ओढलं. मग थोडं जोरात. कुणालनं ओठ दाबले. भावेशनं हळूच मनगट सोडलं.

"दुखलं काय रं?"

"न्हाय."

भावेश मान खाली घालून मैदानाच्या कडेच्या मांडवाकडे निघाला.

इथं ते मिटलं होतं. बॉल बरोबर ठरला होता, कुणालचा बॉल त्याच्याच हातात राहणार होता. पण कॉमेंट्री करणाऱ्याला गप्प राहवेना. भोंग्यातून आवाज आला, "मंडळी, निर्णय आउट! आपल्या कुणालचा हात लहानपणी मोडला, आईनं पट्टी भिजवली म्हणून तो वाकडा राहिला, पण पोराची जिद्द बघा मंडळी..."

"आवशीची करणी, टीमची भरणी!" मांडवातून कुणीतरी म्हटलं आणि हशा झाला. कुणाल पँटला बॉल पुसत राहिला. पुसण्यासारखं बॉलवर काही नव्हतं.

नवा बॅट्समन आला. श्रीनाथ सरांनी खेळ सुरू करायला हात उचलला. तेवढ्यात पलीकडून केसरीनाथचा हात वर झाला. डोळ्यावर ऊन आलं की तो असाच हात वर करी आणि बाजू बदली. लोकांना तेच वाटलं. पण तो मांडवाकडे चालत गेला.

"माईक दे."

"दादा, काय सांगायचंय ते मना सांगा, मी बोलतो..."

"दे."

माईक त्यानं कधी हातात धरला नव्हता. तोंडाला फार जवळ नेला, भोंगा किंचाळला. मग आवाज आला.

"मी केसरीनाथ. लेग अंपायर. आताचा निर्णय बरोबर हाय. आउट." त्यानं माईक तोंडापासून थोडा लांब धरला. "पण माझा एक जुना निर्णय चुकलाय. तो बदलतो. कुणालच्या आवशीनं काय केलं न्हाय. पट्टीला पाणी लागलं म्हणून हाड वाकडं होत न्हाय. ते मी चुकीचं बसवलं. हात लावला तेव्हाच कळलं होतं, हे मला जमायचं न्हाय. दवाखान्यात न्या म्हणायची लाज वाटली. आणि मंग तिला विचारलं, पट्टी भिजवलीस का. कुठलीबी आय पोराला आंघोळ घालंल तर थोडं पाणी सांडणारच, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारलं."

त्यानं माईक टेबलावर ठेवला आणि परत निघाला. नवा बॅट्समन डावखुरा होता. म्हणून केसरीनाथला आपल्या जागेवर न थांबता मैदान ओलांडून पलीकडे जावं लागलं. पाय उचला, असं कुणी ओरडलं नाही. तो पोचेपर्यंत सगळे उभे होते. पोचल्यावर त्यानं रेषेवर नजर लावली आणि सरांकडे बघून मान हलवली.

ती मॅच दिघाशी हरली.

संध्याकाळी केसरीनाथ चंद्राच्या अंगणात गेला. ती भांडी घासत होती. ओटीवर रंगूबाई होती, तिनं वर बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "ये, बस."

"उभं राहू दे त्यांना," चंद्रा म्हणाली. "सवय हाय."

तो उभा राहिला. तिनं एकेक भांडं घासलं, विसळलं, पालथं घातलं. कुणाल मैदानावरून आला आणि कुडाशी थांबला. शेवटचं ताट ठेवून चंद्रानं पदराला हात पुसले.

"दादा, तुम्ही विचारलंत तेव्हापासून मी आठवत बसले, किती पाणी गेलं असंल. तांब्यातनं ओघळलं, एवढंच. पण वरीस सरलं की ते पाणी वाढायचं. आता मला दिसतंय ते असं, की अख्खी पट्टी मी बादलीत बुडवली होती. माझ्या डोळ्यांनी दिसतंय." ती थांबली. "ते पाणी आता मी कुठं ओतू?"

केसरीनाथनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. रंगूबाईनं तोंडावर पदर घेतला.

"जा आता," चंद्रा म्हणाली. "अंधार पडतोय."

त्यानंतर त्यानं कुणाचं हाड बसवलं नाही. दुरून माणूस आला, तर तो त्याच्याबरोबर रिक्षात बसून भिवंडीला जाई आणि डॉक्टर सोडेपर्यंत दवाखान्याबाहेर थांबे. गावात काही जण म्हणत, म्हाताऱ्यानं फुकट स्वतःचं नाव घालवलं. काही जण त्याला राम राम घालायला विसरले. एकेकाळी ओटीवर माणूस मावत नसे, तिथं आता तूर वाळत पडू लागली.

पुढच्या वर्षी शेत सपाट झालं, चुना आला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची पोरं बोलवायला गेली तर केसरीनाथ म्हणाला, "दुसरा बघा रं. माझा निर्णय आता कोण मानंल?" पोरं हात हलवत परतली. दुसऱ्या सकाळी कुणाल एकटाच त्याच्या दारात आला.

"आईनं निरोप दिलाय."

"काय म्हणते?"

"म्हणाली, उभे राहा म्हणावं."

केसरीनाथनं खुंटीवरचा रुमाल काढला आणि डोक्याला बांधला.

चंद्रा त्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर आली. बायकांच्या मांडवात गेली नाही, बांधावर बसली. कुणाल रनअपला निघाला की त्याच्या कोपराकडे दोघं बघत, एक रेषेजवळून आणि एक बांधावरून.