दार लावण्याआधीची हाक

आमच्या बाबांना दार नुसतं लावता येत नाही. उंबऱ्यात उभं राहून "आत कोण आहे?" असं तीनदा ओरडायचं, थोडं थांबायचं, मगच कुलूप. लग्नाला निघताना आम्ही सगळे रिक्षात बसलेलो असायचो, तरी हे रिकाम्या घराला हाका मारणार. दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात त्यांनी जन्म काढला, तिथला हा नियम. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर टर उडवली आहे.

मागच्या रविवारी मी हौसेने आईबाबांना दुपारच्या शोला नेलं. पिक्चरमध्ये एकच माणूस, एकच गोदाम. कोणीतरी बाहेरून शटर ओढून निघून जातं आणि हा आत अडकतो, बस. मला वाटलं, दोघं कंटाळतील. कसलं काय, आई तर पॉपकॉर्न विसरून बघत होती! बाबा मात्र दहाव्या मिनिटाला "आवाज दिला नाही त्याने" असं पुटपुटले आणि उठून बाहेर गेले. मी चक्रावले. बीपी वाढलं की काय, म्हणून मागोमाग गेले.

ते भिंतीला टेकून उभे होते. आई त्याच शीतगृहात द्राक्षं निवडायला जायची, तेव्हा ती एकदा तासभर थंड खोलीत कोंडली गेली होती, हे मला माहीत होतं. एका हमालाने न बघता दार लावलं आणि त्याला कामावरून काढलं, हेही माहीत होतं. बाबा म्हणाले, ते दार त्यांनी स्वतः लावलं होतं, हाक न देता. आळ हमालावर आला आणि ते गप्प राहिले. आता आईला सांगितल्याशिवाय तिच्या शेजारी बसवत नाही, पण सांगितलं आणि तिने बोलणंच टाकलं तर?

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. राग येत होता, कीवही येत होती. शेवटी दंडाला धरून त्यांना आत नेलं. ते आईच्या कानाशी वाकून सगळं बोलले.

आईने पडद्यावरची नजर हलवली नाही. "फोनवर बोलत बोलत लावलंत दार. आवाज ओळखला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

बाबांनी तिचा हात धरला, तिने धरू दिला. मला रडू यायला लागलं, का ते मलाच कळेना.

"आणि तो हमाल?" मी विचारलं.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले.