पायाचं माप

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या पायाची दोन बोटं शुगरने गेली. उरलेलं पाऊल बधिर. "आता साधी जखम झाली तरी पाऊल जाईल, बूट मापाचाच करून घ्या," असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून मी त्यांना सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून सोलापुरात माझ्या घरी आणलं आणि हाताने बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडे घेऊन गेले.

दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले आणि कातड्याचा वास नाकात बसणारा. कारागीर आप्पांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठेच असतील. त्यांनी खाली कागद अंथरला आणि पेन्सिल घेऊन आप्पांच्या पायाशी बसले.

"उभं ऱ्हावा. बसून घेतल्यालं माप खोटं. भार पडला की पाय पसरतोय."

आप्पांनी पाय मागे घेतला. "नगं, नगं. तुमी थोरले. पायाला हात नगा लावू." त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि खुर्चीतूनच वाकून स्वतःच पावलाभोवती रेघ ओढली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा वडिलांचा अभिमानच वाटला. कारागिरांनी कागदाची घडी घातली.

बूट देखणा झाला आणि करंगळीला घासला. आप्पांना काही कळलंच नाही. चौथ्या दिवशी मोज्याला रक्त दिसलं ते मला. पुढचे तीन आठवडे मलमपट्टी, आणि पाऊल राहतं की जातं या धास्तीने माझी झोप उडालेली. जखम सुकत आली तसा मी बूट पिशवीत घातला, आप्पांना रिक्षाने नेलं आणि तरातरा दुकानात शिरले; आप्पा मागोमाग आले.

"माप खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मग शिवलात कसा?"

ते बूट उलटासुलटा करून बघत राहिले. "चूक माझी हाय, बाई. पन पाय मागं घेनारी मानसं मी लई बघितल्यात. कोन थोरला म्हनून घेतंय, कोन दुसऱ्या कशापायी. इचारायचं कसं? हात नको असंल तितं बळंच लावायचा न्हाय, ही ल्हानपनापासनं सवय."

मी आप्पांकडे पाहिलं. आमच्या गावात शिवलेली चप्पल कारागिराच्या हातून घेत नसत. ती ओट्यावर ठेवायला लावत, मग उचलत. आप्पाही तशीच उचलायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आता त्यांनी ठणकावून 'थोरले म्हणूनच' असं म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

"थोरले म्हनलो, ते खरं हाय," आप्पा म्हणाले. "पन तेवढंच हुतं का, ते माझं मला सांगता येईना."

मला लाज वाटली. ते खोटं बोलले नाहीत म्हणून बरंही वाटलं.

आप्पांनी चप्पल काढली आणि पाऊल पुढे केलं. कारागिरांनी ते मांडीवर घेतलं, व्रण पाहिला, हळूहळू तळवा चाचपला.

"तुमचा हात कुटं हाय?" आप्पांनी विचारलं. "मला कळंना."

"टाचंवर हाय की."

आप्पा पावलाकडे बघत राहिले. मग वाकले आणि आपल्या हाताने त्यांचा हात चाचपून पाहिला.