तुमच्या लोकांना कसलं टेन्शन

"तुमच्या लोकांना कसलं आलंय टेन्शन?" संस्थेचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले. "मेंढरांमागं पळताच की दिवसभर. तोच व्यायाम!"

हॉल हसला. मी उभीच.

अंबाजोगाईतलं आमचं कॉलेज. कार्यक्रम होता व्यायाम आणि मनाच्या आरोग्याचा. अनुभव सांगा म्हणाले, म्हणून मी हात वर केला. "माझे वडील मेंढरं राखतात," एवढं पहिलंच वाक्य बोलले आणि अध्यक्षांनी तोडलं.

पुढचं सांगायचंच राहिलं. पहिलं वर्ष मला लई वाईट गेलतं. पाटोद्याकडच्या वस्तीवरून आलेली मी. तोंड उघडलं की वर्गात पोरी खुसखुसायच्या. मी बोलणंच सोडलं. जेवण जाईना. पेपर हातात आला की छाती आवळायची, हात गार. वाटायचं, आता मरते. माझ्या खोलीतली सारिका, धारूरची. तिनं एका सकाळी मला ओढतच मैदानावर नेलं.

"रडायचं तर पळत रड," म्हणाली.

पळाले. रडले. मग रोज पळाले. हळूहळू जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. यंदा वर्गात उभी राहून प्रश्न विचारला.

हसणाऱ्यांत खेळाचे सरही होते. रोज सकाळी मला पळताना बघणारे. त्यांचे दात दिसले तशी मी खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर तेच सर म्हणाले, "चल, चटया गोळा कर. तुला सवय हाय."

मी वाकले. आसनं करून घामानं चिकट झालेल्या चटया, पाहुण्यांच्या मोज्यांचा वास. तीन उचलल्या. सगळ्यात जास्त किळस माझ्याच वाकलेल्या पाठीची आली. टाकल्या तिथंच.

"न्हाई उचलत."

"काय?"

"हसलात तुमी. उचला तुमी."

दुसऱ्या दिवशी मैदानाचं फाटक बंद. "सरांनी सांगितलंय, पोरींना सकाळचं येणं बंद," शिपाई म्हणाला. माझ्यापायी सगळ्याच पोरींना. दोघी माझ्यावर चिडल्या पण. सारिकानं वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. पहिली सही माझी. खाली सोळा पोरींच्या. त्या दोघींच्याही.

प्राचार्यांनी अर्ज न वाचताच बाजूला सरकवला. "आधी अध्यक्षांची माफी माग."

मागितली न्हाई. मागणार न्हाई. उद्या सकाळी सहाला आमी सतरा जणी फाटकासमोर उभ्या राहणार. उघडलं तर आत पळू. न्हाई उघडलं तर रस्त्यानं, अध्यक्षांच्या बंगल्यासमोरून. रोज.