नाव लावण्याआधीची तपासणी

सबनीस साहेबांनी माझ्या टेस्टिंग टेबलावर दोन व्हॅक्यूम क्लीनर शेजारी शेजारी ठेवले. लाल त्यांच्या ब्रँडचा. निळा त्यांच्या स्पर्धकाचा, अंधेरीच्या दुकानातून मुद्दाम विकत आणलेला.

"हा निळा बघा," ते म्हणाले. "काय फिनिशिंग, काय ओढ! तुम्हाला असं का जमत नाही? असंच चाललं तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल."

आमचे शेठ छताकडे बघू लागले. कारण निळाही आम्हीच बनवला होता.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, तीन गाळ्यांचा. मी तिथे क्वालिटी मॅनेजर. आम्ही व्हॅक्यूम क्लीनर बनवतो, पण स्वतःच्या नावाने एकही विकत नाही. ब्रँडवाले ऑर्डर देतात, आम्ही त्यांचं नाव लावून माल पाठवतो. मोटर तीच, फिल्टर तोच, बॉडीचा साचाही तोच. प्लास्टिकचा रंग तेवढा वेगळा. धंद्याची ही सरळ रीत आहे. फक्त एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही, असं प्रत्येकाला लिहून दिलेलं असतं.

अर्धी लाइन लाल मशीनवर चालायची. ऑर्डर गेली असती तर फुलपाडा, नायगावहून येणाऱ्या अठरा बायका घरी बसल्या असत्या. खरं सांगायची सोय नव्हती आणि रिपोर्टमध्ये खोटं मी लिहीत नाही.

"आधी उघडून बघू," म्हणत मी लाइनच्या सुपरवायझर मनीषाताईंना बोलावलं. त्यांनी निळ्याचं झाकण काढलं. आत प्रत्येक स्क्रूवर हिरवा ठिपका. स्क्रू नीट आवळला की आमच्याकडे तो लावतात. हिरवा रंग मनीषाताईंच्या लाइनचा.

"कसं वाटतंय काम?" सबनीसांनी विचारलं.

"चांगल्या हातचं दिसतंय, साहेब," मनीषाताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या.

"मग शिका काहीतरी त्यांच्याकडून!"

"हो ना. त्या बाई भेटल्या तर विचारून घेईन."

शेठना जोराचा खोकला आला.

मीही मनात हसत होतो. दोन्ही मशीनचे आकडे सारखे येणार, ते लिहून द्यायचे, संपलं. मशीन सेकंदाला किती लिटर हवा ओढतं, हे मोजायचं यंत्र लावलं. निळा, एकतीस. लाल, सव्वीस.

परत मोजलं. सव्वीस. तिसऱ्यांदाही सव्वीस. शिवाय लाल मशीन बारीक शीळ घालत होतं. माझं मनातलं हसू तिथेच थांबलं.

निळ्याचा फिल्टर काढून लालमध्ये घातला. खटकन बसला.

"याचा त्याला बसला कसा?" सबनीस पुढे वाकले.

"माप एकच आहे," मी म्हणालो. ते तर खरंच होतं. आकडा मात्र सव्वीसच. मोटरच्या वायरी, होज पाइप, धूळपिशवी सगळं तपासलं. सबनीसांचा दुसरा चहा संपत आला. शेठ घड्याळ बघायला लागले.

मनीषाताईंनी चालू मशीनच्या मागे तळहात धरला. "सर, वारा एकाच बाजूने येतोय हो."

ओढलेली हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. बाहेरची वाट अडली की आतली ओढही कमी होते. जाळीला चोवीस फटी. लाल मशीनवर त्यातल्या सातांवर ब्रँडचं सोनेरी नाव झोपलं होतं. लोगो दुरून दिसला पाहिजे म्हणून सबनीसांच्या मार्केटिंगने दोन महिन्यांपूर्वी तो मोठा करून घेतला होता. मी त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून मंजुरीवर सही केली होती. सगळी मापं बरोबर. फक्त मशीनवर चिकटवून बघितलं नव्हतं.

तशी आमच्याकडे पद्धतच नव्हती. मशीन आधी तपासायचं, पास झालं की शेवटच्या टेबलावर नाव लावायचं. बायका त्या टेबलाला बारशाचं टेबल म्हणतात. त्यामुळे माझ्याकडे येणारं प्रत्येक मशीन बिननावाचं असायचं आणि बिनचूक पास व्हायचं.

मी नखाने लोगोचं टोक उचललं आणि ओढून काढला.

"अहो, आमचं नाव!" सबनीस ओरडले.

शीळ थांबली. यंत्रावर आकडा आला, एकतीस.

"म्हणजे आमच्या नावामुळे..."

"नावामुळे नाही साहेब, नावाच्या साइझमुळे. आणि सही माझी आहे, म्हणजे चूक माझीही."

शेठनी डोळे मिटून घेतले. पण सबनीसांचा आवाज खाली आला. मोठ्या लोगोची कल्पना कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आठ दिवसांत लोगो जुन्या मापाचा झाला आणि मशीनची तपासणी नाव लावल्यानंतर होऊ लागली. सबनीस नवा नमुना पास करायला आले. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'दोन्ही मशीनमध्ये फरक आढळला नाही.'

"नुसतं बरोबरीचं? 'सरस' लिहा की."

"आकडा एकतीस आणि एकतीस आहे. सरस कुठून आणू?"

शेठ टेबलाखालून माझा पाय दाबत होते. मी हलवला नाही. सबनीसांनी जरा विचार केला आणि ऑर्डरवर सही केली.

"चालेल," ते म्हणाले. "किंमत तर आमची जास्त आहेच."

वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी जशी जाते, तशीच तपासावी. त्यापलीकडचं तपासायचं माझ्याकडे यंत्र नाही.