चहाच्या खोलीतले फॉर्म

विद्यापीठाच्या ज्या इमारतीत मी चहा करत होते, तिथे सरकारी धोरणं शिकवायचे. दुसऱ्या मजल्यावर एकाच व्हरांड्यात तीन संशोधन केंद्रं होती: आरोग्याचं, रोजगाराचं आणि पाण्याचं. प्रत्येकाची पाटी वेगळी, प्रमुख वेगळा, प्रिंटरही वेगळा. चहाची खोली मात्र एकच, व्हरांड्याच्या टोकाला. नवरा कारखान्यात तंत्रज्ञ होता, त्याच्यामुळे मी नागपूरहून भोपाळला आले. तो वारल्यावर अवधपुरीच्या घरात नुसतं बसून राहायचा कंटाळा आला, म्हणून ही नोकरी धरली. शिक्षण चौथी.

ही केंद्रं वस्त्यांमध्ये माणसं पाठवून लोकांना प्रश्न विचारायची. फॉर्म तयार झाला की तो आधी थोड्या लोकांवर करून बघायचा, अशी पद्धत. त्याला पायलट म्हणत. पायलट वस्तीत जाऊन करायचा असतो, हे मला फार नंतर कळलं. इथे उन्हात कोण जाणार? मी, दोन चौकीदार, माळी, झाडूवाल्या असे आम्ही आवारातच सापडत होतो. तिन्ही केंद्रांचे फॉर्म आमच्यावरच.

पहिले दोन-तीन मी नीट सांगितले. मग लक्षात आलं की काही प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं की पुढची पानं न विचारता उलटतात. घरी कोणी आजारी होतं? नाही. काम बदललं? नाही. दहा मिनिटांत सुटका. माळ्याला मी हे सांगितलं, त्याने बाकीच्यांना. आरोग्य केंद्राच्या कागदांवर आमच्या आवारात कोणाला सर्दीसुद्धा झालेली नव्हती.

पाणी केंद्रात एक मुलगी होती, भोपाळच्याच टी. टी. नगरमधल्या मराठी घरातली. मला मावशी म्हणायची. बँकेतली पक्की नोकरी नाकारून ती इथे करारावर आली होती, आणि वडील रोज जेवताना तेच काढायचे. त्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा स्वतःचा फॉर्म तयार केला. तिचे प्रमुख माझ्यासमोरच कप हातात घेऊन तिला म्हणाले, “ये सर्वे ठीक निकला तो साल भर और. नहीं तो बैंक वालों से पूछ लेना, जगह खाली है क्या.”

ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली तेव्हा दूध गॅसवर होतं.

“मावशी, टँकरचं पाणी घेता?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“नाही म्हटलं ना. पुढचं विचार, दूध उतू जाईल.”

मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकरशिवाय थेंब मिळत नव्हता. तिने चार पानं उलटली. बाकीच्यांनीही तिला तीच पानं उलटायला लावली. तिने वेळ लिहिली, एका माणसाला वीस मिनिटं, आणि त्या अंदाजाने वस्तीत प्रश्न विचारायला मुली नेमल्या, दिवस ठरवले.

वस्तीत प्रत्येक बाई टँकरला हो म्हणाली. ती चार पानं तोवर कोणी मोठ्याने वाचूनही पाहिली नव्हती. घरातल्या एकेका भांड्याचं विचारायचं होतं: किती मावतं, आठवड्यात किती वेळा भरता, कोण भरतं. बादली झाली की घागर, घागर झाली की पातेलं. तास-तास लागायला लागला. बायका अर्ध्यातून उठून कामाला गेल्या. चौथ्या दिवशी अर्धवट फॉर्मांचा गठ्ठा प्रमुखांच्या टेबलावर आला.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तिला विचारत होते, “पायलट में बीस मिनट, फील्ड में एक घंटा. तुम्हारी लड़कियाँ वहाँ अचार डालती हैं क्या?”

ती गठ्ठ्यातले फॉर्म पुन्हा चाळत होती. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

“सर, टैंकर का झूठ मैंने बोला,” मी म्हटलं. “बाकी सबको भी मैंने ही सिखाया.”

“इसी फॉर्म में?”

“सब में. तीनों केंद्रों के.”

त्यांनी उठून दार लावलं. बाकीच्या दोन केंद्रांचे अहवाल छापून झाले होते, एक तर सरकारकडे गेलाही होता; पायलट आवारातच उरकल्याचं बाहेर कळलं असतं तर सगळ्यांच्याच अंगाशी आलं असतं. ते म्हणाले, “अम्मा, ये बात इस कमरे से बाहर मत ले जाना.”

“नहीं ले जाऊँगी. आप इसको दोबारा करने दीजिए.”

त्यांनी तिला तीन महिने दिले. मी बाहेर काही बोलले नाही. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

व्हरांड्यात तिने मला गाठलं. “मावशी, मला तरी खरं सांगायचंत.”

“तू गॅसजवळ उभी राहून विचारलंस. माझ्या घरी आली असतीस तर दारातलं पिंप दिसलं असतं.”

ती हसली नाही. दुसरा पायलट तिने अवधपुरीत केला, सकाळी सातला, बायका घरी असताना. आमच्या गल्लीतही आली; माझं घर सोडून. चार पानांचं एक पान केलं. पाहणी पुरी झाली. चहाला मात्र ती फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊ लागली.

पावसाळा संपता संपता तिचा करार वर्षभर वाढला. तिने मजल्यावर सगळ्यांना स्वतः पेढे वाटले. माझे माळ्याच्या हाती पाठवले, दोन. मी खाल्ले.