पायवाल्या बाई

माझ्या वहिनीला दवाखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘पायवाल्या बाई’ म्हणत. ती परिचारिका होती, पण तिच्या वाट्याला आलेलं काम वेगळं होतं. साखरेचा आजार जुना झाला की पायाची जाणीव जाते. खिळा रुतला तरी माणसाला कळत नाही, जखम आतल्या आत चिघळते आणि बोट, पुढे पाऊल कापायची वेळ येते. म्हणून अशा रुग्णाने रोज आपला तळवा बघायचा असतो. ते कसं बघायचं, हे वहिनी शिकवायची.

व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली होती. त्यात दोन लांब बाकं समोरासमोर मांडलेली. रुग्ण जोडीजोडीने बसत आणि समोरच्याचा पाय मांडीवर घेऊन तपासत. आधी टाच, मग तळवा, मग बोटांच्या बेचक्या. ही पद्धत तिची स्वतःची. म्हाताऱ्या माणसांना नुसतं भाषण ऐकताना डुलक्या लागतात, पण कुणी तळव्याला हात लावला की झोप उडते, असं ती म्हणे. खोलीत सतत हसणं चालायचं. सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे निवृत्त बसचालक, ड्रायव्हरकाका. त्यांचं शिकणं केव्हाच संपलं होतं, तरी ते येत आणि नव्या लोकांचे पाय मांडीवर घेऊन त्यांना शिकवत. “टाचेपासून सुरू करा. गाडी मागून तपासायची असते.”

अशात नेत्रविभागाला जागा कमी पडू लागली. त्यांची नजर व्हरांड्याच्या टोकावर गेली. मोठे डॉक्टर वहिनीच्या बाजूचे होते. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, “आरोग्य आणि विज्ञान खात्यातल्या लोकांसाठी एक प्रशिक्षण आहे. आपण चालवतो त्या उपक्रमाचं मूल्यमापन कसं करायचं ते शिकवतात. तुम्ही जा, आणि येताना तुमच्या वर्गाचा असा झकास अहवाल आणा की डोळेवाल्यांची बोलतीच बंद झाली पाहिजे.”

“या वयात मला परत शाळेत घालताय,” वहिनी घरी येऊन म्हणाली.

“दप्तर घेऊन देऊ का?” दादाने विचारलं. दादा म्हणजे माझा भाऊ. बायकोच्या कामाची त्याला काळजी असे, पण ती तो चेष्टेतच दाखवायचा.

प्रशिक्षण आठवड्यातून एकदा असे. शिकवणारी बाई वहिनीच्या मुलीच्या वयाची. वर्गात पाणी तपासणारा एक तंत्रज्ञ होता, लसीकरणवाले होते, मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत हिंडणारी एक बाई होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला उभं करून विचारलं, तुमचा उपक्रम चांगला चाललाय हे तुम्हाला कशावरून कळतं?

वहिनीने तयारी केली होती. ती म्हणाली, वर्ग भरलेला असतो, शेवटी प्रश्न विचारले की सगळे बरोबर उत्तरं देतात, आणि समजलं ना विचारलं की सगळे हो म्हणतात.

“समजलं ना, असं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?” बाईंनी विचारलं.

“एकच. माझा नवरा,” वहिनी म्हणाली. वर्ग हसला. बाईही हसल्या, पण सोडलं नाही.

“पेपर चांगला गेला, हे कळलं. पाय चांगला राहिला का?”

त्या रात्री जेवताना वहिनीने वर्गातलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, “पोरगी बोलली ते खोटं नाही. लोक खोलीत काय करतात ते मला माहीत आहे. घरी काय करतात, देव जाणे.”

“मग देवालाच विचार,” दादा म्हणाला.

“घरी जाऊन बघते. बाई म्हणतात, सांगा नका म्हणू, दाखवा म्हणा.”

गृहपाठच तसा होता. प्रत्येकाने आपल्या उपक्रमातल्या लोकांकडे जायचं आणि शिकवलेलं ते खरंच करतात का ते पाहायचं. वहिनीने पहिलं घर निवडलं ते ड्रायव्हरकाकांचं. मला विचाराल तर त्यात थोडी लबाडी होती. कुठलाही मास्तर आधी हुशार पोरालाच उभं करतो.

काका एका खोलीत एकटे राहत. बायको जाऊन बराच काळ झालेला, मुलगी लांब. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. वहिनी म्हणाली, “काका, रोज पाय कसा बघता ते जरा दाखवा.”

“अहो, त्यात काय!” काका तिच्यासमोर बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, “चला, ठेवा तुमचा पाय.”

वहिनीला वाटलं थट्टा करताहेत. काका मात्र हात पुढे करून वाट बघत होते.

“माझा नाही काका. तुमचा.”

काकांनी हात मागे घेतला. मग वाकायचा प्रयत्न केला. पोट आडवं आलं. पाय गुडघ्यावर घ्यायला गेले तर गुडघा वळेना. शेवटी म्हणाले, “माझा कोण बघणार? समोर कुणी बसायला नको का?”

इतकं साधं होतं ते. दोन बाकं समोरासमोर मांडून वहिनीने इतकी वर्षं दुसऱ्याचा पाय बघायला शिकवलं होतं. घरी समोरचं बाक नव्हतं. देवाने माणसाला डोळे पुढे दिले आणि तळवे खाली, आणि म्हातारपणी मधलं अंतर वाढवून ठेवलं.

तिने खाली बसून काकांचा पाय हातात घेतला. तळव्यात चपलेचा खिळा घुसलेला होता, भोवती पू झाला होता. काकांना पत्ता नव्हता. ती त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

“देवाची कृपा,” वहिनीने घरी हे सांगितल्यावर मी म्हटलं.

“आहेच. पण ती मोजायची कशी, ते बाई सांगत नाहीत.”

त्यानंतर ती बाकीच्या घरी फिरली. कुणाला वाकता येत नव्हतं, कुणाला दिसत नव्हतं. एक आजी म्हणाल्या, “सुनेला म्हणू, ये बाई, माझा तळवा बघ? आधीच तिचं तोंड वाकडं!” ज्यांची नवरा-बायकोची जोडी धड होती, त्यांच्याकडेच तपासणी होत होती. असे थोडे.

आता अहवाल द्यायचा होता. दादा पहिल्यांदा गंभीरपणे बोलला. “वर्गाला किती येतात एवढंच लिही. ते काही खोटं नाही. खोली राहील.”

“खोली राहील, आणि पाय?”

“तू त्या खोलीसाठी किती भांडलीस, मला माहीत आहे.”

“म्हणून तर जीव जातोय माझा,” वहिनी म्हणाली. तिने ताटावरून हात काढून घेतला. मी मनातल्या मनात देवाला सांगून ठेवलं, हिला सद्बुद्धी दे. पण कुठली बुद्धी सद्, ते माझं मलाच ठरवता आलं नाही.

दवाखान्यातल्या बैठकीत तिने सगळं आहे तसं सांगितलं. डोळेवाले डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. मोठे डॉक्टर बाहेर आल्यावर तिच्यावर चिडले. “बाई, बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारायला शिकवतात का तिथे?”

“फांदी पोकळ होती साहेब. कधीतरी मोडलीच असती. मला खोली नको. आठवड्यातली एक दुपार द्या, घरी जाऊन शिकवायला.”

दुपार मिळाली. खोली गेली. बाकं नेत्रविभागाच्या बाहेर ठेवली आहेत, त्यांवर डोळ्यात औषध घातलेले लोक वर तोंड करून बसतात.

वहिनीने लहान आरसे वाटले. जमिनीवर ठेवायचा, त्यावर पाय धरायचा, तळवा आपोआप दिसतो. पण आता तिला सवय लागली होती. महिना झाल्यावर ती परत बघायला गेली. काकांचा पाय भरून आला होता, आणि आरसा खिडकीशी डोळ्यांसमोर टांगलेला होता.

“फार झकास दाढी होते,” काका म्हणाले.

वहिनी रागावली नाही. काकांना खाली वाकून आरसा उचलता-ठेवता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने सुतार बोलावला आणि पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीलगत, आरसा भिंतीत ठोकून घेतला, जरा वर कललेला.

“आता दाढी लोळून करावी लागेल,” काका म्हणाले. मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी पाय उचलला आणि आरशात पाहिलं. आधी टाच, मग तळवा. बराच वेळ पाहत राहिले. “ह्याला पाहून वर्षं झाली हो.”

संध्याकाळी दादाने विचारलं, “काय, लागू पडला का आरसा?”

“एका माणसाने आज आपला तळवा पाहिला, एवढं खरं,” वहिनी म्हणाली. “उद्या पाहतो की नाही, ते जाऊन बघायचंय.”